पद क्रमांक अकराचा शेवट

नंदाखाल,
२७ एप्रिल १९७८

तीर्थस्वरूप प्लासिडमामा यांना भाचा बर्नार्ड याचा वाकून नमस्कार. तुमचा आशीर्वाद निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी माझ्या डोक्यावर राहू द्यावा, ही आगाऊ विनंती.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. माझे ओठ तेवढे सुजले आहेत आणि घसा बसला आहे (दोन्हींचं कारण पुढे येईलच), आणि आमच्या बँडचा बिग ड्रमवाला ॲन्सेल्म उजवा हात गळ्यात बांधून फिरतो आहे. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? गिरगावातला तुमच्या चाळीचा तो लाकडी जिना अजून उभा आहे का, की त्यानंच आधी मान टाकली? आईची तब्येत ठीक आहे. तिनं घरात तुमचं नाव काढायचं नाही आणि मी तिची खुशाली तुम्हाला कळवायची, हा आपला जुना शिरस्ता. दर उन्हाळ्यात ती केळी वाळवून सुकेळी करते, केळीच्या सुक्या सोपटात बांधते आणि एक पुडी बाजूला काढून मला म्हणते, “ही तुझ्या हेडमास्तरांना.” आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना मधुमेह आहे, त्यांनी आमच्या घरचं सुकेळं कधी चाखलेलं नाही, आणि हे आख्ख्या गावाला माहीत आहे. पुडी पोचली का, एवढंच ती विचारते. कुठे पोचली, हे आजवर विचारलेलं नाही.

तर मामा, सुझानचं लग्न झालं. तुम्ही आला नाहीत. पत्रिका मी स्वतः तुमच्या हातात दिली होती, तुम्ही ती डोळ्यांना लावलीत, “बघू” म्हणालात, आणि तुमचं ‘बघू’ म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याबद्दल रागवायला मला सवड नाही. माझा राग वेगळाच आहे. माझ्या एकुलत्या एका पोरीची वरात मांडवाच्या दारातून परत फिरली, आणि ती ज्या पदावर परत फिरली ते पद तुम्ही छापलेलं होतं. आता हा प्रकार सविस्तर सांगतो. पाणी पिऊन बसा.

आमचे व्याही, म्हणजे भुईगावचे क्लेमेंट, तुम्ही पाहिलेले नाहीत. माणूस सरळ आणि मोठ्या मनाचा, पण नाटकवेडा. तरुणपणी ते विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन मुंबईला जात, आणि पानं खपली की घरी यायच्या ऐवजी थेट थिएटरात. मास्टर दत्तोबा आरवलीकरांनी ज्या ज्या नाटकाला चाली दिल्या, ती सगळी नाटकं त्यांनी शेवटच्या बाकावरून पाहिली आहेत. पदं तर सगळी पाठ. अजूनही पानमळ्यात शिंपण करताना मोठ्यानं गातात. (विहीणबाईंचं म्हणणं, आमच्या पानवेली एवढ्या उंच जातात त्या खतामुळे नव्हे, गाणं खाली ऐकू येतं म्हणून.) साखरपुड्याच्या दिवशीच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मानपान काही नको. हल्ली जो तो नालासोपाऱ्याहून ऑर्केस्ट्रा आणतो, तो गिटारवाला मुलगा मानेवर केस सोडून उड्या मारतो, तोही नको. वरात तुमच्या मांडवात येताना आरवलीकरांचं एखादं पद वाजावं, एवढी एकच हौस आहे.

आता मला सांगा, अशा वेळी भाचा काय म्हणेल? मी कोटाची बटणं लावली आणि म्हणालो, “आरवलीकरांची पदं बँडसाठी लिहून काढून छापणारा माणूस माझा सख्खा मामा आहे!” क्लेमेंट उभेच राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती छातीशी धरली. “प्लासिड मास्तर? पडद्यासमोर व्हायोलिन घेऊन डाव्या हाताला बसायचे ते?” असं त्यांनी विचारलं, आणि मी होय म्हटल्यावर त्यांनी मला मिठी मारली. माझ्या पोरीला मागणी घातली तेव्हा मारली नव्हती. (हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. वर चढवल्यावर खाली आणायला सोपं जातं.)

तुम्ही पाठवलेल्या ‘आरवलीकर नाट्यपद बँडमाला, भाग पहिला’च्या प्रती वेळेवर पोचल्या. पुस्तक देखणं आहे. मुखपृष्ठावर फेट्यातले मास्टर दत्तोबा, खाली तुमचं नाव, चारी बाजूंनी द्राक्षांची वेलबुट्टी. आत पाच रेघांवरचं स्वच्छ म्युझिक, प्रत्येक वाद्याचं वेगळं पान, आणि पानांवरही तीच वेलबुट्टी. खोट काढायची तर एकच. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलं आहे की ‘पदांचे शब्द सर्व रसिकांस मुखोद्गत असल्याने त्यांनी येथे जागा अडविलेली नाही.’ मामा, गिरगावातल्या रसिकांना असतील. नंदाखालात आम्हाला मुखोद्गत आहेत त्या प्रार्थना आणि एसटीच्या वेळा. शिवाय तुम्ही पदांची नावंही दिली नाहीत. पद क्रमांक एक, पद क्रमांक दोन, असे कैद्यांसारखे नंबर. आणि पद हसण्याचं असो, रडण्याचं असो की भांडणाचं, ते उठवून क्विक मार्चमध्ये चालायला लावलंत. बँडला चालताना वाजवायला तेच सोयीचं, हे मान्य. पण त्यामुळे झालं असं की कुठलं पद कुठल्या प्रसंगाचं, हे कागदाकडे बघून सांगणारा आमच्यात कुणी उरला नाही.

बँडची बैठक आमच्या ओटीवर झाली. कॉर्नेटवाल्या आल्बर्टनं पद क्रमांक अकरावर बोट ठेवलं, कारण त्यात कॉर्नेटला एक उंच स्वर लांबवर धरायला मिळतो. आल्बर्टला असा स्वर मिळाला की तो डोळे मिटतो, आणि मग भूकंप झाला तरी उघडत नाही. आम्ही वाजवून बघितलं. चाल अशी रुबाबदार की अंगात सोन्याची बटणं फुटावीत. मी म्हटलं, मांडवाच्या दारात याहून शोभेल असं काय असणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना मी आता एकेक करून मोडणार आहे, पण ते असो.

तालमी उत्तम झाल्या. आमच्या बँडला वाचायला शिकवलं ते आजोबांनी, म्हणजे तुमच्याच वडिलांनी, आणि देवळातल्या गायकवृंदाची शिस्त त्यांनी बँडलाही लावली हे तुम्हाला मी सांगायला नको. कागदावर आहे ते वाजवायचं, नाही ते वाजवायचं नाही, आणि कागदावर ‘फिने’ लिहिलेलं येत नाही तोवर शेजारचा मेला तरी थांबायचं नाही. (फिने म्हणजे इटालियनमध्ये ‘संपलं’. मला आजही नवराबायकोचं भांडण झालं की रेजिनाच्या तोंडाकडे बघून फिने कुठे आहे ते मी शोधतो.) मधेच थांबवायचं तर ते फक्त आजोबांनी. उजवा हात उंच करायचे आणि हवेत मूठ मिटायचे. ती मूठ मिटली की अर्ध्या स्वरावरही सगळं शांत. कागद मिरवणुकीत वाद्यांच्या चिमट्यात बसावेत म्हणून आम्ही ते जरा बेतून घेतले होते, पण त्याचा इथे काही संबंध नाही. सांगायची गोष्ट ही की पानाच्या शेवटी पुन्हा पहिल्यापासून वाजवायची खूण होती, आम्ही इमानानं पुन्हा पहिल्यापासून वाजवायचो, आणि तालमीत रेजिना चहा घेऊन आली की थांबायचो. फिने कुठे आहे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. चहा हाच आमचा फिने.

लग्नाचा दिवस उजाडला. देवळातली लग्नाची मिस्सा सुरेख झाली. सुझान पांढऱ्या झग्यात अशी दिसत होती की मला दोनदा नाक शिंकरावं लागलं. जावई सेबॅस्टियन जरा गांगरलेला, पण जावई तसेच बरे दिसतात. देवळातून वरात निघाली, पुढे आम्ही, आणि आमच्या मांडवापाशी येईपर्यंत नेहमीची गाणी वाजवली. आता आपल्या आळीतली रीत तुम्हाला आठवत असेलच, तरी आठवण देतो, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला. मांडवाच्या तोरणाखाली बँड शेवटचं गाणं वाजवतो. ते पुरं होईपर्यंत वराचा बाप तोरण ओलांडत नाही. वराच्या बापाच्या पुढे वऱ्हाडातलं कुणी पाऊल टाकत नाही. आणि गाणं चालू आहे तोवर बँड वराच्या बापाची साथ सोडत नाही. तिन्ही नियम आपापल्या जागी चांगले आहेत. एकत्र आले तर काय होतं, याचा विचार आपल्या पूर्वजांनी केलेला नव्हता.

मी खूण केली, आणि पद क्रमांक अकरा सुरू झालं. पहिल्या दोन सुरांना क्लेमेंटनी आनंदानं डोळे मिटले. तिसऱ्याला उघडले. मला नंतर कळलं ते तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे (आणि तुम्ही छापलं नाहीत!). ते ‘संगीत वचनदुर्ग’ नाटकाच्या तिसऱ्या अंकातलं पद. नवरदेव वरात घेऊन गडाच्या दाराशी येतो, आणि नवरीचा बाप दार लावून घेऊन वरून गातो की तुमचं कूळ आमच्या तोलाचं नाही, आल्या पावली माघारी फिरा. आम्ही ते आख्ख्या भुईगावासमोर, मांडवाच्या दारात, बिग ड्रमसकट त्यांना ऐकवत होतो.

क्लेमेंट माझ्या कानाशी वाकले. “व्याही, हे पद? इथं?” माझ्या तोंडात क्लॅरिनेट. बोलता येईना, म्हणून मी डोळ्यांनी हसलो आणि मान जोरात हलवली, म्हणजे होय होय, तुमच्याचसाठी. त्यांचा चेहरा पडला. पण माणूस जाणता. त्या पदाच्या शेवटच्या ओळीत बापाला पाझर फुटतो आणि तो दार उघडतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनाची समजूत घातली की व्याह्यांनी गंमत केली असेल, शेवटच्या ओळीवर आपल्याला आत घेतील. म्हणून पद संपत आलं की ते एक पाऊल पुढे टाकत. आणि आम्ही खूण बघून पुन्हा पहिल्यापासून: माघारी फिरा! की ते पाऊल मागे घेत. पुन्हा पद संपत आलं की पाऊल पुढे, पुन्हा मागे. वऱ्हाडातल्या पोरांना वाटलं हा भुईगावचा नाच आहे. तीही रांगेत उभी राहून एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करू लागली. मी कागदावर फिने शोधत होतो. बाकीचेही शोधत असावेत, कारण एकेकाचे डोळे पानाच्या तळापर्यंत जाऊन हताश होऊन परत वर येत होते. आल्बर्टचे तेवढे मिटलेले.

शेवटी क्लेमेंटचा धीर सुटला. त्यांनी टोपी घातली, वळले, आणि भुईगावच्या वाटेला लागले. मग पहिला नियम, दुसरा नियम आणि तिसरा नियम आपापलं काम करू लागले. वराचा बाप वळला म्हणून वऱ्हाड वळलं. सेबॅस्टियन वळला, त्याच्या हातात हात म्हणून सुझान वळली. आणि गाणं पुरं झालेलं नसल्यामुळे बँडही व्याह्यांच्या मागोमाग निघाला, ‘माघारी फिरा’ वाजवत. मामा, तुमच्या नाटकात नवरदेवाला नुसतं गाऊन परत पाठवतात. आम्ही बँड लावून पोचवायला निघालो होतो. मांडवात रेजिना स्वागताचं तबक हातात धरून उभी ती उभीच. शेजारच्या हिल्डाबाई तिला म्हणाल्या म्हणे, की हल्ली मुंबईकडे आधी असंच फिरवून आणतात, भूक चांगली लागते.

मी क्लॅरिनेट काढून ओरडलो, “थांबा रे!” पण ॲन्सेल्मच्या ड्रमपुढे माझं काय चालणार? त्याच्या कानावर काही पडत नाही आणि आल्बर्टच्या डोळ्यांना काही दिसत नाही, अशा दोन खांबांवर आमचा बँड उभा आहे. मी गप्प झालो म्हणून बाकीच्यांनी माझा भाग भरून काढायला अधिक जोर लावला, म्हणून मी पुन्हा वाजवायला लागलो, पुन्हा ओरडलो, पुन्हा वाजवलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून ही वरात, आणि वाडीत पाणी सोडणारी माणसं कुंपणाशी येऊन टाळ्या वाजवत होती. सुझाननं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मामा, ती रडत होती. तिला काय झालं हे कळलेलं नव्हतं, फक्त सासरा पाठ फिरवून चालला आहे आणि बाप त्यावर वाजवतो आहे, एवढंच तिला दिसत होतं. आतापर्यंत मी हसत लिहिलं, पण ती नजर मला अजून झोपू देत नाही.

वळणावरच्या क्रुसापाशी आई होती. गुडघ्यांमुळे तिला वरातीत चालवत नाही म्हणून आम्ही तिला टांग्यानं पुढे पाठवलं होतं, आणि मांडवात जायच्या आधी ती क्रुसाला मेणबत्ती लावायला उतरली होती. लाल लुगडं, कानात जुने काप, हातात काडेपेटी. वरात उलटी येताना तिनं बघितली, आणि मग ते पद ऐकलं. काडेपेटी तिनं क्रुसाच्या पायरीवर ठेवली, रस्त्याच्या मधोमध आली, उजवा हात उंच केला आणि हवेत मूठ मिटली.

सगळा बँड अर्ध्या स्वरावर थांबला. आल्बर्टनं डोळे उघडले. ॲन्सेल्मचा एक ठोका जास्तीचा पडला, त्याबद्दल तो अजून माझी माफी मागतो आहे. आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आईनं आजवर कधी वाद्याला हात लावलेला नाही, पण ती मूठ त्यांचीच होती.

मग ती क्लेमेंटकडे वळली. (तिची बोली जशीच्या तशी कागदावर उतरवायची तर मला पेनाऐवजी विळा लागेल, म्हणून बहुतेक माझ्या मराठीत लिहितो.) ती म्हणाली, “व्याही, हे पद माझ्या भावाचं. पोरांना त्यातलं काही कळत नाही, त्यांच्यावर रागवू नका. माझा भाऊ इस्टरआधीच्या उपासकाळात ओटीवर बसून हे वाजवत होता. गाणारांच्या मास्तरचा पोरगा, आणि उपासकाळात नाटकाचं गाणं! बाबानं मूठ मिटली, व्हायोलिन त्याच्या हातात दिलं आणि त्याला दाराबाहेर केलं. मी दाराआड उभी होती. बोललीच नाय. मग बाबाच्या मातीला तो फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. तेव्हाही मी बघत होती, तेव्हाही बोललीच नाय. दारातून माणूस परत जाताना दोनदा बघितलाय मी. तिसऱ्यांदा बघणार नाय.”

मामा, यातलं काहीच तुम्हाला नवीन नसेल, पण मला होतं. तुम्ही नाटकाच्या नादानं पळून गेलात, एवढंच आम्हाला सांगितलेलं. आईनं तुमचं नाव काढायचं नाही तो राग आहे, असं मी आजवर समजत होतो. त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की तो राग नाही.

क्लेमेंटनी टोपी काढली. “प्लासिड मास्तरांची बहीण तुम्ही!” एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. मग माझ्याकडे वळून, “पण व्याही, शेवटची ओळ का नाही वाजवलीत? शेवटच्या ओळीत बाप दार उघडतो की!” मी म्हटलं, आमच्या कागदावर शेवटची ओळच नाही. त्यांनी कागद बघितला. त्यांना ते म्युझिक वाचता येत नाही, पण मी खोटं बोलत नाही हे त्यांना माझ्या अवताराकडे बघून पटलं असावं. मग भर उन्हात, क्रुसासमोर, ती ओळ त्यांनी स्वतः गायली. आवाज फाटका, वरच्या सुराला खोकला आला, पण मी सांगतो मामा, असं गाणं मी पुन्हा ऐकणार नाही. या, आत या, घर तुमचंच आहे, असा काहीसा तिचा अर्थ. गाऊन झाल्यावर ते सुझानपाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वरात पुन्हा मांडवाकडे वळली. मांडवापर्यंत आम्ही काहीही वाजवलं नाही. तोरणाखालून क्लेमेंट आईचा हात धरून आत आले. मटण जरा करपलं होतं, पण ते हिल्डाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे भूक लागल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा आता माझा सवाल असा. पद क्रमांक अकराची शेवटची ओळ आणि फिने गेला कुठे? छापखानेवाल्यानं खाल्ला, की तुमच्याच हातून राहिला? एवढं पुस्तक काढायचं, वेलबुट्टीचं एकेक द्राक्ष मोजून बसवायचं, आणि गाण्याचा शेवटच गाळायचा! उद्या कुणा दुसऱ्या गावचा बँड हे वाजवायला घेईल आणि थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत जाईल, त्याला जबाबदार कोण? आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, त्यानं गाळली नाही, ती त्याला वाजवू दिलीच नाही, म्हणून त्यानं तिथली जागा रिकामी ठेवली. व्याह्यांनी गायली ते ठीक, पण वाजवायची राहिली आहे, असं ती गावभर सांगते. तुम्हाला निरोपही दिला आहे: “प्लासिडला हांग, तुझं अर्धं राहिलंय.” नाव घेऊन म्हणाली. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

असो. भाच्यानं मामाला जितकं बोलावं त्याहून मी जास्त बोललो. पोटात घ्या. गुडघ्यांना तेल लावत जा, आणि जिना उतरताना कठड्यावर विश्वास ठेवू नका.

तुमचा,
बर्नार्ड

ता. क. वरचं पत्र लिहून पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. रेजिना आज शिलाई मशीन उघडून बसली, तेव्हा खणात कागदाच्या पट्ट्यांची एक जुडी सापडली. प्रत्येक पट्टीवर म्युझिकची एक ओळ आणि खाली ठळक अक्षरात फिने. झालं होतं असं की चिमट्यात बसावेत म्हणून आम्ही कागद बेतले ते रेजिनाच्या कापड कापायच्या कात्रीनं, आणि तुमची शेवटची ओळ वेलबुट्टीच्या खाली होती. मला वाटलं, ती तुमच्या व्हायोलिनच्या क्लासची जाहिरात. तेव्हा छापखानेवाला निर्दोष आहे आणि तुम्हीही. वर जे काही लिहिलं ते खोडत नाही, कारण पुन्हा एवढं लिहायला माझ्या बोटांत त्राण नाही. तुम्हीच वाचताना वगळा.

ता. क. दुसरा. हे आईला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. तुम्ही शेवट मुद्दाम राखून ठेवलात, अशी तिची समजूत आहे आणि ती समजूत मला फार आवडते. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या आळीच्या क्रुसाचा सण आहे. क्लेमेंटही येणार आहेत. हे सगळं पत्र मी मुळात एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण लेखणी कुठे कुठे फिरून आली: मामा, व्हायोलिन घेऊन या. आम्ही अकरा नंबर वाजवू, पट्टीपाशी येऊन थांबू, आणि ती शेवटची ओळ तुम्ही एकट्यानं वाजवा. ‘बघू’ म्हणू नका.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आईला अक्षर येत नाही, म्हणून पत्र टाकण्याआधी मी तिला वाचून दाखवलं, अर्थातच दोन्ही ता. क. सोडून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आणि पट्ट्या?” मी गारच पडलो. कागद बेतले त्याच दिवशी जमिनीवर पडलेल्या पट्ट्या तिनंच गोळा करून खणात ठेवल्या होत्या. अक्षर येत नसलं तरी पाच रेघा तिला वाचता येतात, हे मी विसरलो होतो. तीही शेवटी त्याच मास्तरची मुलगी. मग आधी का नाही बोललीस, असं विचारलं, तर म्हणाली, विचारलंत कुठे? मी घाईनं सुकेळ्यांची पुडी मागितली, म्हणजे पत्राबरोबर कुणाच्या हाती तुमच्याकडे पाठवता येईल. तिनं सगळ्या पुड्या कपाटात ठेवल्या, किल्ली कनवटीला लावली आणि म्हणाली, “तुझ्या हेडमास्तरांना हांग, यंदा पुडी नाय. घरी येऊन खा.”